विहिरीतलं नायट्राइट बाटलीत कुठे जातं?

गेल्या उन्हाळ्यात पुण्यातल्या धायरीकडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, माझ्या वडिलांच्या वयाचे काका, दोन कागद घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. दोन्ही रिपोर्ट एकाच विहिरीच्या पाण्याचे. एकावर नायट्राइट ०.४२ मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसऱ्यावर ‘आढळले नाही’. दोन्हींत पाच दिवसांचं अंतर, आणि मधे पाऊस नाही की विहिरीचा उपसा नाही. काकांनी कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, “मॅडम, यातलं खोटं कोण बोलतंय?”

खोटं कुणीच बोलत नव्हतं. दोन्ही ठिकाणी ज्या पाण्यात रंग टाकला, त्या पाण्याचंच रीडिंग कागदावर आलं होतं. पण दुसऱ्या बाटलीतलं पाणी रंग टाकेपर्यंत विहिरीतलं पाणी उरलं नव्हतं. हे काकांना समजावून सांगायला मला तासभर लागला. तेच इथे नीट लिहून काढते, कारण असे दोन कागद घेऊन येणारे ते एकटे नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गिलान-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण सापडू लागले, तेव्हापासून विहीर, बोअर, टँकर असं सगळं पाणी तपासून घेणारे लोक आमच्याकडे वाढले आहेत. जीबीएसचा नायट्राइटशी संबंध नाही. तिथे संशय जंतूंवर होता आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडलाही होता. पण पाण्यात मैला मिसळतोय का, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. त्याची एक खूण म्हणून नायट्राइटकडे बघितलं जातं.

नायट्राइट येतं कुठून? सांडपाणी विहिरीत झिरपलं की त्यातल्या नायट्रोजनचा आधी अमोनिया होतो. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टर, नायट्रोस्पिरा हे त्याचं पुढे नायट्रेट करतात. या कामाला प्राणवायू लागतो. प्राणवायू संपला की दुसरे जिवाणू उलट्या दिशेने निघतात: नायट्रेटचं नायट्राइट आणि शेवटी नायट्रोजन वायू. म्हणजे कुठल्याही दिशेने जा, नायट्राइट हा मधला थांबा.

स्वारगेटच्या स्टँडवर एखाद्या क्षणी किती माणसं उभी आहेत, हे किती गाड्या येताहेत आणि किती सुटताहेत यावर ठरतं. नायट्राइटचं तसंच आहे. विहिरीतून बाटली भरून झाकण लावलं म्हणजे आपण स्टँडला बाहेरून कुलूप लावलं. आतल्या गाड्या चालूच आहेत. बाटलीत अमोनिया आणि हवा असेल तर दुसऱ्या दिवशी नायट्राइट वाढलेलं दिसेल, नायट्रेट करणारे जिवाणू जोरात असतील तर कमी झालेलं दिसेल. दोन्ही मी माझ्या टेबलावर पाहिलं आहे. त्यामुळे ‘सॅम्पल ठेवलं की नायट्राइट उडून जातं’ असं सरसकट म्हणणंही बरोबर नाही.

हे मोजायचं कसं, ते आता बघू, कारण सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी तिथेच आहे.

हळदीत चुना कालवला की कुंकवाचा लाल रंग येतो, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. रंग बदलला म्हणजे आत काहीतरी घडलं, आणि किती बदलला यावरून किती घडलं याचा अंदाज येतो. प्रयोगशाळेतली रंगाची तपासणी याच धाग्यावर चालते, फक्त नायट्राइटच्या बाबतीत रंग आधी नसतोच, तो नव्याने जन्माला येतो. योहान पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८५८ साली ही डायझो अभिक्रिया शोधली आणि १८७९ मध्ये ती नायट्राइट ओळखायला वापरली. इंग्लंडमध्ये बिअरच्या कारखान्यात नोकरी करणारा हा माणूस. आज आपण वापरतो ती रसायनं नंतर बदलली, पण पद्धत त्याचीच.

होतं असं. पाण्यात सल्फानिलअमाइड टाकतात. हो, सल्फाच्या औषधांच्या घराण्यातलंच. द्रावण आम्लयुक्त असतं, पीएच साधारण २ ते २.५. या आम्लात नायट्राइटचं नायट्रस आम्ल होतं आणि ते लगेच सल्फानिलअमाइडला जाऊन चिकटतं. त्यातून जे तयार होतं त्याला डायझोनियम म्हणतात. हा फार नाजूक, घाईत असलेला पदार्थ. त्याला पुढचा जोडीदार मिळाला नाही तर तो मोडतो. तो जोडीदार म्हणजे नॅफ्थिल इथिलिनडायअमिन. प्रयोगशाळेत सगळे त्याला नुसतं एनईडी म्हणतात. दोघं जुळले की रंग येतो.

हा रंग पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलांचे चेहरे मला फार आवडतात. नळीत स्वच्छ, बिनरंगी पाणी असतं. पिपेटमधून एनईडीचा थेंब पडतो, त्या जागी एक गुलाबी दोरा खाली उतरतो, नळी उलटीसुलटी केली की तो विरून जातो आणि मग मिनिटा-दोन मिनिटांत सगळं पाणी हळूहळू राणी रंगाचं होत जातं. पैठणीच्या काठातला असतो ना, अगदी तसा. दहा मिनिटांनंतर आणि दोन तासांच्या आत स्पेक्ट्रो या प्रकाश मोजणाऱ्या यंत्रात ५४३ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश त्यातून पाठवायचा. रंग जितका गडद तितका तो हिरवा प्रकाश गिळला जातो. स्टँडर्डचा, म्हणजे माहीत असलेल्या ताकदीच्या द्रावणांचा, कर्व्ह काढलेला असतो, त्यावरून आकडा वाचायचा. लिटरमध्ये काही मायक्रोग्रॅम इतकं थोडं नायट्राइटही यात पकडता येतं. जवळपास दीडशे वर्षांपूर्वीची युक्ती आजही टिकून आहे ती उगाच नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. यंत्र नायट्राइट मोजत नाही, राणी रंग मोजतं. नायट्राइट आणि रंग यांच्यामध्ये दोन पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांवर कुणी आडवं आलं तर नायट्राइट असूनही रंग येत नाही, किंवा नायट्राइट नसताना रंग दिसतो. आम्ही याला इंटरफेरन्स म्हणतो. साध्या भाषेत लुडबूड.

आता काकांच्या दुसऱ्या रिपोर्टकडे येऊ. मी त्यांना विचारलं, “बाटली कुठली होती?” ते म्हणाले, “त्यांनीच दिली होती. आत थोडं ॲसिड होतं, सांडू नका म्हणाले.” तिथेच उलगडा झाला. पाण्यातलं नायट्रेट आणि नायट्राइट मिळून एकूण किती आहे हे काढायचं असतं, तेव्हा बाटलीत सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणतात. जिवाणू थांबतात, सॅम्पल अठ्ठावीस दिवस ठेवता येतं. त्या कामासाठी ही पद्धत अगदी योग्य आहे, कारण वाटेत नायट्राइटचं नायट्रेट झालं तरी बेरीज तीच राहते. पण नुसतं नायट्राइट हवं असेल तर आम्ल घालायचंच नाही, असं प्रमाणित पद्धतींच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या ठिकाणी एका कामाची बाटली दुसऱ्या कामाला वापरली गेली, आणि ती चार दिवस रांगेत उभी राहिली.

इथे नेमका प्रश्न विचारणारे विद्यार्थी मला आवडतात: “पण मॅडम, तपासणी करताना आपणही आम्लच घालतो की! मग तिथे नायट्राइट कसं टिकतं?” टिकत नाहीच. नायट्रस आम्ल दोन्हीकडे तितकंच अस्थिर असतं. फरक एवढाच की तपासणीच्या वेळी सल्फानिलअमाइड भरपूर प्रमाणात, तोंड उघडून बसलेलं असतं. नायट्रस आम्ल जन्मलं की पकडलं जातं. साठवणीच्या बाटलीत ते पकडणारं कुणी नाही. मग ते मिळेल त्याच्याशी लागतं. सांडपाण्यातून आलेले सेंद्रिय पदार्थ, अमिनं, कुजलेल्या पालापाचोळ्याचा तपकिरी अंश, असं बरंच काही त्या पाण्यात असतं. नायट्रस आम्ल आपापसातही मोडतं, त्यातून नायट्रिक आम्ल आणि नायट्रिक ऑक्साइड वायू होतो. पण विहिरीच्या पाण्याइतकं विरळ असेल तर ही मोडतोड संथ चालते, आणि खरा घात बाकीची मंडळी करतात.

त्यातलं आपल्या भागातलं नेहमीचं नाव म्हणजे लोखंड. बोअरच्या जुन्या केसिंगमधून पाण्यात फेरस लोह उतरतं. खोल पाण्यात प्राणवायू कमी, त्यामुळे ते विरघळलेलं राहतं, पाणी दिसायला नितळ. अशा पाण्यात आम्ल घातलं की फेरस लोह नायट्रस आम्लाला सरळ नायट्रिक ऑक्साइड करून टाकतं आणि स्वतः फेरिक होतं. आम्ल न घालता नुसतं ठेवलं तर दुसरीच तऱ्हा: हवा लागून लोह गंजतं, तळाशी तांबूस गाळ बसतो, आणि तो गाळ ढवळला गेला तर स्पेक्ट्रोला पाणी गढूळ दिसून रीडिंग वर जातं. म्हणून सॅम्पल आणल्याबरोबर, शक्य असेल तर विहिरीवरच, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्यायचं. गाळ जातो आणि बहुतेक जिवाणूही जातात. एका फिल्टरमध्ये स्टँडवरच्या निम्म्या गाड्या बंद!

तांब्याची गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती आपल्या घरातली आहे. तपासणीला पाणी आणताना कित्येक जण रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं पाणी बाटलीत ओतून आणतात. भावना चांगली असते, ‘आम्ही पितो तेच पाणी तपासा’. पण तांब्याचे आयन त्या नाजूक डायझोनियमला एनईडीपर्यंत पोचण्याआधीच मोडायला मदत करतात. रंग फिका येतो, आकडा कमी येतो. पाणी होतं तसंच असतं, फक्त त्याची बातमी आपल्यापर्यंत अर्धी पोचते. विहिरीचं सॅम्पल विहिरीतून थेट घ्या, हंड्यातून नको.

क्लोरीनचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. टँकरवाले आणि सोसायट्या हल्ली ब्लिचिंग पावडर सढळ हाताने टाकतात. मोकळा क्लोरीन नायट्राइटचं नायट्रेट करून टाकतो. हिशेबाने एक मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजनला, म्हणजे नायट्राइटमधल्या नुसत्या नायट्रोजनला, जवळपास पाच मिलिग्रॅम क्लोरीन खर्च होतो. म्हणजे टाकीत नायट्राइट असेल तर ते क्लोरीन खातं, आणि क्लोरीन उरला असेल तर सहसा नायट्राइट उरलेलं नसतं. सकाळी क्लोरीन टाकून दुपारी नायट्राइटचं सॅम्पल घेतलं आणि शून्य आलं, म्हणून विहिरीत मैला येत नाही असं समजायचं का? मुळीच नाही. त्यातच पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशी जुळून क्लोरामाइन करतो, आणि त्यातला नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा प्रकार रंगाच्या रसायनात खोटा लाल रंग आणतो. कमी दाखवणारी चूक आणि जास्त दाखवणारी चूक, दोन्ही एकाच बाटलीत.

मग लोक म्हणतात, क्लोरीन मारण्यासाठी थायोसल्फेट घालू. जंतूंच्या तपासणीच्या निर्जंतुक बाटल्यांत ते आधीच घातलेलं असतं. पण नायट्राइटसाठी ती बाटली घेऊ नका. थायोसल्फेट आम्लात फुटतं, गंधक सुटून पाणी दुधाळ होतं, आणि सोबत निघणारे गंधकाचे पदार्थ नायट्रस आम्लावरही हल्ला करतात. क्लोरीन मारायला काही जण ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, वापरतात. तेही नायट्रस आम्लाला नायट्रिक ऑक्साइड करून घालवतं.

क जीवनसत्त्वाची ही खोड डॉक्टरांना चांगली ठाऊक असते. ‘युरिन रूटीन’मध्ये लघवीत पट्टी बुडवतात, तिच्यावरचा नायट्राइटचा चौकोन ग्रीसच्याच तत्त्वावर गुलाबी होतो. लघवीच्या मार्गातले काही जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, म्हणून तो चौकोन जंतुसंसर्गाची खूण. रोज क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेणाऱ्याचा चौकोन संसर्ग असूनही पांढरा राहू शकतो. उलट, नमुना तासन्‌तास तसाच टेबलावर राहिला तर बाहेरचे जिवाणू त्यात वाढून नसलेला संसर्ग दिसतो. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तरीही पट्टी आपोआप गुलाबी पडते. धायरीची विहीर आणि लघवीची पट्टी, दोन्हीकडे रसायन तेच आणि फसगतही त्याच जातीची. रक्ताचं तर विचारूच नका: लाल पेशींतलं ऑक्सिहिमोग्लोबिन नायट्राइटचं बघता बघता नायट्रेट करून टाकतं, त्यामुळे रक्त काढल्याबरोबर पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर मोजायला फारसं काही उरतच नाही.

आतापर्यंत बाटलीतल्या लुडबुडीबद्दल बोलले, पण प्रयोगशाळेतली हवाही साळसूद नसते. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीने एकदा सकाळी मला हाक मारली, “ताई, ब्लँक पण गुलाबी आलाय!” ब्लँक म्हणजे नुसतं डिस्टिल्ड वॉटर, त्यात नायट्राइट असायचं कारण नाही. शोधता शोधता कळलं की पाण्याचा कॅन आदल्या दिवशी बर्नरच्या शेजारी उघडा राहिला होता. ज्वाळेत नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात, ती पाण्यात विरघळून नायट्राइट होतं. फिल्टर पेपरमधूनही थोडं नायट्राइट उतरतं, म्हणून तो आधी शुद्ध पाण्याने धुवून घ्यायचा. काही हातमोजेही त्याच जातीचे. तिने त्या दिवशी ब्लँक नीट पाहिला नसता तर सगळ्या सॅम्पलमध्ये तेवढं नायट्राइट फुकट वाढलं असतं. त्या मुलीचं मला फार कौतुक वाटलं. ब्लँक हा आमच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि सगळ्यात प्रामाणिकही.

स्टँडर्डही वयाने उतरतं. सोडियम नायट्राइटच्या बाटलीत ओल गेली की त्याचं हळूहळू नायट्रेट होतं. जुन्या, गुठळ्या झालेल्या बाटलीतून स्टँडर्ड केलं तर कर्व्ह चुकतो आणि त्यावर वाचलेलं प्रत्येक सॅम्पल खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणून नवी बाटली, कोरडी जागा, आणि केलेल्या द्रावणाची तारीख बाटलीवर.

मग लुडबूड आहे की नाही हे ओळखायचं कसं? आम्ही सॅम्पलमध्ये माहीत असलेलं नायट्राइट मुद्दाम घालतो. याला स्पाइक म्हणतात. समजा सॅम्पल ०.१० दाखवतंय आणि आम्ही त्यात ०.१० घातलं, तर ०.२० यायला हवं. ०.१४ आलं तर घातलेल्यातलं फक्त चाळीस टक्के परत मिळालं. म्हणजे पाण्यात काहीतरी रंग खातंय आणि पहिलं ०.१० देखील विश्वासाचं नाही. अशा वेळी सॅम्पल पाच पट, दहा पट विरळ करून पुन्हा बघतो. लुडबूड करणारा पदार्थही विरळ होतो, आणि हिशेबाने परत गुणलेला आकडा वाढला तर संशय पक्का होतो. पाणी मुळातच पिवळट असेल तर त्याचा वेगळा ब्लँक लावतो: सल्फानिलअमाइड आणि आम्ल घालायचं, एनईडी मात्र नाही. त्यातून जो रंग येतो तो पाण्याचा स्वतःचा, तेवढा वजा.

पण स्पाइकलाही एक मर्यादा आहे, आणि ती बरेच अनुभवी लोकही विसरतात. टेबलावर घातलेला स्पाइक फक्त आत्ता, या क्षणी काय लुडबूड चालू आहे ते सांगतो. चार दिवस बाटलीत काय होऊन गेलं, ते तो सांगू शकत नाही. चोर येऊन गेल्यावर तिजोरीत नवे पैसे ठेवले आणि ते सुरक्षित राहिले, म्हणून आधीचे चोरीला गेले नव्हते असं म्हणता येत नाही ना? साठवणीतलं नुकसान पकडायचं असेल तर स्पाइक विहिरीवरच घालायला हवा. दोन बाटल्या भरायच्या, एकीत तिथेच स्टँडर्ड टाकायचं, आणि दोघींना एकाच आइसबॉक्समधून, एकाच वाहतुकीतून आणायचं. दुसरीतलं घातलेलं परत मिळालं तर पहिलीतलंही सुखरूप आलं असं मानायला आधार मिळतो.

मी काकांना तेच करायचं सुचवलं, आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. एका सकाळी सात वाजता मी तिकडे गेले. त्यांनी पंप आधीपासून चालू ठेवला होता, म्हणजे पाइपात रात्रभर साचलेलं पाणी निघून गेलं होतं. प्लॅस्टिकच्या तीन स्वच्छ बाटल्या, तिन्ही विहिरीच्याच पाण्याने तीनदा खळबळून घेतल्या. पहिली गाळून भरली. दुसरीही गाळली, पाचशे मिलीलिटर मोजून, आणि तिच्यात लिटरला शंभर मिलिग्रॅम ताकदीचं स्टँडर्ड एक मिलीलिटर टाकलं, म्हणजे ०.२० ची भर. तिसरी न गाळता भरली आणि तिच्यात सल्फ्युरिक आम्ल, त्या दुसऱ्या रिपोर्टच्या बाटलीसारखं. काकांनी प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ, गाळलं की नाही, क्लोरीन शेवटचा कधी टाकला, सगळं स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं. पहिल्या दोन बाटल्या बर्फात आणि तिथून सरळ आमच्या टेबलावर. सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत नुसतीच ठेवलेली बाटली म्हणजे जिवाणूंना उबवणी केंद्र मिळाल्यासारखंच.

एक बारीक गोष्ट, रिपोर्ट वाचताना कामी येईल. काही ठिकाणी आकडा ‘नायट्राइट’ म्हणून लिहितात, काही ठिकाणी ‘नायट्राइट-नायट्रोजन’ म्हणून. दोन्हींत ३.२८ पटीचा फरक असतो. दोन प्रयोगशाळांचे कागद ताडून बघण्याआधी कुठलं लिहिलंय ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्यातल्या नायट्राइटचं मार्गदर्शक मूल्य ३ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, नायट्राइट म्हणून. आपल्याकडे बाटलीबंद पिण्याच्या पाण्याला ०.०२ ची मर्यादा आहे, आणि नळाच्या, विहिरीच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० मानकात नायट्रेटला ४५. तान्ह्या बाळांना नायट्रेट-नायट्राइटमुळे रक्तातला प्राणवायू वाहून नेण्यात अडचण येते, अंग निळसर पडतं. विहिरीच्या पाण्याचा असा संबंध १९४५ साली अमेरिकेत आयोवामध्ये नोंदवला गेला. काकांच्या ०.४२ ने कुणी लगेच आजारी पडणार नव्हतं. पण ०.४२ ‘आहे’ म्हटल्यावर विहिरीत काहीतरी ताजं झिरपतंय, हा अर्थ निघतो. ‘आढळले नाही’ या दोन शब्दांत तो अर्थ पुसला जातो. मला काळजी वाटते ती याची.

आणि साठवायचंच असेल तर? शक्यतो साठवू नका, त्याच दिवशी करा. नाहीच जमलं तर गाळून, आम्ल न घालता, चार अंशांच्या फ्रीजमध्ये, जास्तीत जास्त ४८ तास. उणे वीसमध्ये गोठवलं तरी तेवढ्याच एक-दोन दिवसांसाठी. बाटली काठोकाठ भरू नका, बर्फ फुगतो. त्याहून जास्त ठेवलेल्या सॅम्पलचा आकडा आला तर रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहावं, आणि गिऱ्हाईक म्हणून तुम्ही ते विचारावं. सॅम्पल कधी घेतलं, कधी तपासलं, मधे कशात होतं. हे तीन प्रश्न विचारल्यावर कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेतला माणूस रागावत नाही, उलट खुर्ची पुढे करतो.

त्या दिवशी पहिल्या बाटलीत ०.३९ आलं. दुसरीत ०.५७, म्हणजे घातलेल्या ०.२० पैकी ०.१८ परत मिळालं, नव्वद टक्के. चार दिवसांनी आम्लाची बाटली काढली, तिच्यात रंग आला तो इतका पुसट की नळीमागे पांढरा कागद धरून बघावं लागलं. मी तिन्ही नळ्या काकांना शेजारी शेजारी लावून दाखवल्या: राणी, गडद राणी, आणि जवळजवळ पाणी. काका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी वही काढली, तिन्ही आकडे उतरवून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे आता ड्रेनेजचं चेंबर विहिरीपासून किती लांब आहे, ते बघायला हवं.”

संध्याकाळी त्यांचा फोन आला. “मोजलं, मॅडम. अकरा पावलं.”